गिलावा

गंगापूर रोडच्या एका बांधकामावर बारकू मिस्त्रीच्या गिलाव्याचं मोठं नाव होतं. परांचीवरून पडल्यापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे मात्र त्याच्या बायकोशिवाय, भिमाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून भिमा परांचीवर चढून गिलावा करायची आणि बारकू खाली सिमेंट-वाळूचा माल कालवायचा. जिन्यात ठेकेदाराची चाहूल लागली, की ती उतरून घमेलं उचलायची आणि तो थापी घेऊन भिंतीकडे बघत उभा राहायचा.

त्या दुपारी ठेकेदार दिनेशशेठ आले, तेव्हा अर्धी भिंत ओली होती.

"उतर, शेठ आले," बारकू दबक्या आवाजात म्हणाला.

"भित सुकंल. मी नाय उतरत," भिमा म्हणाली आणि थापी फिरवत राहिली.

शेठ दारात थांबले. परांचीवर पदर खोचलेली बाई होती आणि खाली सिमेंटनं माखलेला मिस्त्री. ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

"काय बारकू, बायकोला शिकवतोस होय?"

बारकूनं नुसतं हो म्हटलं असतं, तरी निभावलं असतं. त्यानं वर पाहिलं. भिमा वळलीसुद्धा नाही.

"नाय शेठ," मालात पाणी ओतत तो म्हणाला. "माल घट्ट झाला, म्हणून मघापासून तिची बोलणी खातोय."

शेठ जिन्याकडे वळले.

"मग कर की पातळ. मिस्त्रीला किती वेळ थांबवतोस?"