लेखनिक

वर्कशॉपमधल्या प्रेस मशीनखाली उजव्या हाताची बोटं गेली, तेव्हा सुमेधला शाळा सोडून दोन वर्षं झाली होती. शाळा सुटलेल्या मुलांसाठी केंद्र चालवणाऱ्या ढवळे मॅडमनी त्याला दहावीचा फॉर्म भरायला लावला. "दहावी झाली की कॉम्प्युटरचा डिप्लोमा कर. तिथे एका हाताने भागतं."

पेपर लिहायला खालच्या इयत्तेतला लेखनिक चालणार होता. धाकटी बहीण करुणा नववीत होती. संध्याकाळी तो उत्तरं सांगायचा, ती झरझर लिहायची.

मॅडम ती नववीत असल्याचा दाखला आणायला तिच्या शाळेत गेल्या आणि तशाच परतल्या. "सुमेध, करुणा दिवाळीपासून शाळेत गेलेलीच नाही."

पण रोज सकाळी ती गणवेश घालून निघत होती. घरी येऊन त्याने विचारलं, तर आईने मान खाली घातली.

"मसाल्याच्या पॅकिंगला जाते," करुणा म्हणाली. "घर चालायला नको? तुझा डिप्लोमा होऊ दे दादा, मग जाईन की शाळेत."

वडील वारले तेव्हा सुमेधनेही आईला असंच सांगितलं होतं. करुणा शिकू दे, मी नंतर जाईन.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला शाळेत, तिच्या वर्गात नेऊन बसवलं.

"इतक्या गैरहजेरीवर शाळा तिला दाखला देणार नाही. आपण दुसरा लेखनिक शोधू रे," मॅडम म्हणाल्या.

"लेखनिक मिळेल मॅडम. पगार कोण आणणार?"

तो जुन्या वर्कशॉपच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. मालकाने त्याच्या हाताकडे बघायचं टाळलं. "झाडलोट जमेल?"

"जमेल," सुमेध म्हणाला. केंद्रात तेव्हा इंग्रजीचा तास सुरू झाला होता.