पिवळी होडी दोनदा

“बाई, ही पिवळी होडी दोनदा आलीय!” नववीचा वर्ग खदखदून हसला.

मागच्या बाकावरून मुख्याध्यापक म्हणाले, “पुस्तकातलं चित्र काय वाईट होतं?”

समुद्र कधीच न पाहिलेल्या औशाकडच्या या मुलांसाठी सुगंधाबाईंनी किनाऱ्याचे अठरा फोटो सॉफ्टवेअरने जोडून भिंतभर दाखवले होते. “नऊ काढून मी जेवायला गेले,” बाई ओशाळल्या. “उरलेले दोन तासांनी काढले. तोवर होडी सरकली.”

तबस्सुम भिंतीपाशी धावली. “पण बाई, डावीकडे होडी वाळूत टेकलीय, उजवीकडे तरंगतेय! तुम्ही जेवेपर्यंत एवढं पाणी चढलं?”

सगळा वर्ग भिंतीला चिकटला. तीन वर्षं फळ्यावर न उमगलेली भरती आता मुलं वितीने मोजत होती.

मुख्याध्यापकही उठून आले. “बाई, पुढच्या खेपेला जेवण जरा लांबवा.”