फॅनशॉ यांची हॅट

विकत घेण्याआधी मी ती जुनी, उघड्या टपाची आलिशान गाडी म्हाताऱ्या फॅनशॉ यांच्या खासगी ट्रॅकवर फिरवून बघत होतो. गाडीत मी एकटाच होतो.

कुंपणापाशी उभे असलेले फॅनशॉ दर फेरीला अदबीनं हॅट उचलत. आम्हा इंग्रजांत हॅट उचलतात ती बाईमाणसासाठी. गिऱ्हाइकाला घोळात घ्यायची ही युक्ती असावी, असा मला संशय आला.

मी गाडी थांबवून विचारलं, "माझा एवढा मान कशाला?"

"तुमचा कोण करतंय?" ते हसले. "चहा गार होतोय. शेवटची फेरी मारून या दोघं."

कुठेही न थांबता मी फेरी पुरी केली. या वेळी हॅट डोक्यावरच राहिली. माझ्या शेजारच्या सीटचं दार सताड उघडं होतं.

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिला कुठे उतरवलंत?"