सत्तरच्या वर

लडाखला निघायच्या आदल्या दिवशी श्रीनाथची मोटरसायकल वडिलांच्याच, गोकुळदासच्या, डिचोलीतल्या गॅरेजात होती. सत्तरच्या वर गेली की तिचं हँडल इतकं थरथरायचं, की तासाभरात बोटं बधिर व्हायची. गोकुळदासने इंजिनाचे बोल्ट आवळले, मुठींना जाड रबर चढवलं, हँडलच्या टोकांना लोखंडी वजनं बसवली आणि गाडी जवळच्या मये गावापर्यंत चालवून पाहिली. हँडल अगदी शांत झालं होतं. तिथल्या तळ्याजवळ सहज त्याची नजर वेगाच्या काट्यावर गेली. काटा नव्वदवर होता, आणि त्याला पत्ताही नव्हता.

परत आल्याआल्या त्याने दोन्ही वजनं काढून टाकली.

"जमलं नाय रे," तो मुलाला म्हणाला. "तू आपलो सत्तरच्या आतच चालव."

त्याच्या बायकोने, कमलाक्षीने, त्याला वजनं काढताना पाहिलं होतं. मुलगा आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "तो थोडोच सत्तरच्या आत रवतलो? बोटां बधिर झाली, तर घाटात ब्रेक कसो दाबतलो?"

गोकुळदासने वजनं पुन्हा घट्ट बसवली आणि श्रीनाथला हाक मारली.

"वजनां मीच काढलेली. मी भियालंय रे."

श्रीनाथने गाडी सुरू केली आणि बापाला मागे बसवलं. "चल बाबा, मयेपर्यंत जाऊया. किती स्पीड ठेवचो, ता तू सांग."

गाडी रस्त्याला लागली. काटा चाळीसवर पोचला, तसा गोकुळदासने मुलाचा खांदा घट्ट धरला.

"बस रे. इतकोच."