दोन बोटं गवत

मोजणीदार अकराला येणार होता, आणि दहा वाजून गेले तरी शिंपीकाका वाफ्याच्या काठाशीच बसून होते. थंडी ओसरली होती. दरवर्षी या दिवसांत ते गुलाबांच्या सुकलेल्या फांद्या छाटायचे, माती भुसभुशीत करायचे आणि फावड्याने काठाचं गवत सरळ रेषेत कापायचे.

कापताना दरवर्षी दोन बोटं पुढे सरकायचे. शेजारच्या बाईंच्या हिरवळीत.

दोन घरांमध्ये कुंपण नव्हतं, हा वाफा हीच काय ती हद्द. गिऱ्हाइकाच्या कापडाचं कात्रणसुद्धा परत करणारा हा माणूस, पण गुलाब दिसले की त्याची नियत फिरायची. चोवीस वर्षांत वाफा तीन फुटांनी फुगला होता.

बायको बिचारी भोळी. नेमकं त्याच वेळी ती बाईंना चहाला आत बोलवायची आणि खिडकीतून सांगायची, "तुमचं चालू द्या निवांत. आम्ही गप्पा मारतोय." मग आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. ते ऐकत फावडं चालवण्यात फार सुख होतं.

गेल्या वर्षी ती गेली. आता बाई घर विकून मुलाकडे निघाल्या होत्या, आणि घर घेणाऱ्याला जागा मोजून हवी होती. हद्द मागे सरणार, तिच्या हातचे गुलाब उपटावे लागणार, वर म्हातारपणी चोर म्हणून शिक्का बसणार. काकांना रात्रभर डोळा लागला नव्हता.

बाई पायरीवर दिसताच ते उठले.

"बाई, मोजणीआधी तुमच्या कानावर घालायचंय. मी तुमची जागा खाल्लीय. दरवर्षी थोडी थोडी."

"दिसायचं की मला खिडकीतून," बाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"चहा फार छान करायची हो ती." बाईंनी पदराने चष्मा पुसला. "येऊ दे त्याला. मोजू दे."

मोजणीदार आला. त्याने नकाशा पसरला, फीत लावली, दोनदा ताडून पाहिलं. काका मान खाली घालून उभे राहिले. हातोडीचे ठोके पडले तेव्हा त्यांनी वर पाहिलं. खुंटी वाफ्याच्याही पलीकडे, बाईंच्या गवतात ठोकली होती.

"अहो, चुकलात तुम्ही," काका म्हणाले. "इतकं माझं नाही."

"चुकेन कसा? ही चार फुटांची पट्टी चोवीस वर्षांपूर्वीच खरेदी झालीय, ही बघा तुमच्या पत्नीची सही," मोजणीदाराने कागद पुढे केला, "आणि अजून फूटभर कापायची राहिलीय तुमची."