हिरव्याच्या खाली

"चॉकलेटी गेला. आता पिवळा," दाराला पातं लावत मुलगी म्हणाली.

ओळीतली सगळी घरं सारखी होती. एकमेकांना खेटून उभी, प्रत्येकाला दोन पायऱ्या आणि रस्त्याकडं तोंड केलेलं एक जाड लाकडी दार. गिरणीनं ती आपल्या कारकुनांसाठी बांधली होती. गिरणी केव्हाच बंद पडली, घरं या हातातून त्या हातात गेली, आणि आता जुन्या इमारती जपणाऱ्या एका मंडळानं ती मूळ रंगात रंगवायचं मनावर घेतलं होतं. मूळ रंग कोणता ते शोधायचं काम या मुलीचं. बिजागरीजवळ प्रत्येक थर बोटभर शिल्लक ठेवत ती खाली खाली खरवडत जाई. तान्ह्या बाळाची नखं कापावीत तसा तिचा हात चालायचा.

पायऱ्यांखाली दोन म्हातारी भावंडं उभी होती. दोघांचा जन्म याच घरातला. बहीण पिशवी पोटाशी धरून, मान पुढं काढून बघत होती.

"मावशी, टेका की जरा," मुलगी म्हणाली.

"टेकते गं. आधी निळा येऊ दे."

"निळा यायचा नाही," भाऊ म्हणाला. "चिमे, साठी उलटली तरी तुझा हट्ट काही सुटत नाही."

"तू सांगतोस, दादा. मी बघितलंय."

बघितलं होतं ते एवढंच, की आई उभी आहे, तिच्या पाठीशी निळं दार आहे आणि ती चिमीकडं बघून हसते आहे. आई दवाखान्यात गेली ती परतली नाही, तेव्हा चिमी नुकती बोलायला लागलेली. दादाजवळ आई पोतंभर होती. तिचं रागावणं, तिची गाणी, तिच्या हातचा मार. चिमीजवळ हे एवढंच. जाता जाता आई वळून आपल्याकडं बघून हसली, हे तिनं जन्मभर उराशी धरलं होतं. आणि दादा जन्मभर सांगत आला होता, की आईला गाडीत बसवलं तेव्हा तू शेजारच्यांकडं गाढ झोपलेली होतीस आणि आपलं दार निळं कधी नव्हतंच.

"हिरवा लागला," मुलगी म्हणाली.

"हा बाबांचा," भाऊ म्हणाला. "आई गेली त्याच वर्षी लावला. आतून, बाहेरून, स्वतःच्या हातानं. निम्मा दाराला आणि निम्मा लेंग्याला."

म्हणजे हिरव्याच्या खाली जे निघेल ते आईच्या वेळचं. बहीण पायऱ्या चढून मुलीच्या खांद्याशी येऊन उभी राहिली. पातं सरकलं. हिरवा पापुद्रा वळला आणि उंबऱ्यावर पडला. खाली राखाडी होता. राखाडीच्या खाली लाकूड.

"गिरणीचा राखाडी!" मुलगी खुशीत म्हणाली. "अख्ख्या ओळीत हाच निघालाय." मग तिनं शेजारी बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "निळा नाही हो, मावशी."

"अजून थोडं खाली बघतेस?"

"खाली लाकूडच आहे."

"बरं बाई."

ती उतरून भावाजवळ आली. रुसलेली नव्हती, रागावलेलीही नव्हती. हरवलेलं माणूस वाट विचारतं तसं तिनं विचारलं, "मग रे दादा, मी काय बघितलं? माझ्याजवळ दुसरं काही नाही रे."

एवढी वर्षं चाललेला वाद भावानं जिंकला होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुलगी पाती डबीत भरायला लागली होती.

"आतली बाजू राहिली की," तो म्हणाला.

"आतली आमच्या कामात नाही, काका. रस्त्यावरून दिसतं तेवढंच मंडळाला हवंय."

"अगं, पण आम्ही काही रस्त्यावर राहत नव्हतो!"

मुलीला हसू फुटलं. तिनं डबी पुन्हा उघडली.

आत सामान काहीच नव्हतं. आतल्या अंगाला हात पोचावा म्हणून मुलीनं दार लोटून घेतलं. रस्त्याचा आवाज एकदम कमी झाला, खिडकीतून येईल तेवढाच उजेड राहिला. पांढरा गेला. त्याच्याखाली आणखी एक पांढरा. मग बाबांचा हिरवा. इथं मुलीचा हात आपोआप मंदावला.

हिरव्याच्या खालून शाईत पाणी मिसळल्यासारखा निळा वर आला.

भाऊ वाकून जवळून बघत म्हणाला, "गिरणीचं राज्य बाहेर. आत ज्याची त्याची मर्जी. माझ्या कसं ध्यानात राहिलं नाही गं?"

"तू घरात असायचास कधी?" चिमी म्हणाली. "सदा उंडारलेला."

ती पुढं झाली. त्या एवढ्याशा निळ्यावर तिनं बोट ठेवलं, आणि बोट तिथंच राहिलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "ही बाजू तर दार लावल्यावरच दिसते."

"हो."

"म्हणजे ती जात नव्हती रे. घरात होती. दार लावून माझ्याकडं वळली होती."

मुलीनं डबी मिटली आणि उजेडासाठी कडीला हात घातला.

"राहू दे गं," चिमी म्हणाली. "थोडा वेळ लावलेलंच राहू दे."