जागचं न हलणारं वादळ

मुरबे गावातल्या होड्या तीन दिवस किनाऱ्यालाच होत्या, कारण कॉम्प्युटरवर हवामानाचा नकाशा बघून दादूनेच सगळ्यांना बजावलं होतं, "समुद्रात तांबडं वादळ बसलंय. जागचं हलत नाय."

चौथ्या दिवशी सून समिधाने मॉनिटर बंद केला. "पाणी काचेवर नाय, फडक्यावर घ्यायचं," असं म्हणत तिने मऊ फडकं जरासं ओलं केलं आणि हलक्या हाताने काच पुसली. पुन्हा चालू केला, तर समुद्र निळाशार.

"वादळ कुठं गेलं?" दादू चपापला.

समिधाने फडकं पुढे केलं. "वास घ्या बाबा. सुकटाची चटणी हाय."

बाहेर गाव खोळंबलेलं. दादू ओट्यावर आला, घसा खाकरला आणि म्हणाला, "टळलं. माजं ऐकलंत म्हणून वाचलात."